किरकोळ प्रक्रियेच्या दिवशीच तपासणीचा कोड : मॉडिफायर २५ नेमका कधी लावावा?

शिकाऊ_कोडर, हडपसर

नमस्कार. होमिओपॅथीची पदवी घेतल्यानंतर गेल्या सात महिन्यांपासून मी पुण्यातल्या एका कंपनीत मेडिकल कोडिंगचे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींवरून विम्याच्या बिलासाठी कोड देण्याचे, काम करते. माझ्याकडे अमेरिकेतल्या एका दवाखान्याचे चार्ट येतात. तिथे फॅमिली मेडिसिन आणि त्वचारोग हे दोन्ही विभाग आहेत. त्यामुळे निम्म्याहून अधिक चार्टमध्ये डॉक्टरांची तपासणी आणि चामखीळ गोठवणे, गळू फोडून पू काढणे, कानातला मळ काढणे किंवा गुडघ्यात इंजेक्शन देणे अशी एखादी किरकोळ प्रक्रिया एकाच भेटीत झालेली असते. प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते की, असे दोन्ही दिसले की ई अँड एम कोडला (डॉक्टरांच्या तपासणीचा आणि सल्ल्याचा कोड) मॉडिफायर २५ (त्याच दिवशी प्रक्रियेहून वेगळी तपासणीही झाली हे सांगणारी जोडखूण) लावायचाच, कारण तो न लावल्यास क्लेम, म्हणजे विम्याकडची पैशांची मागणी, ९७ या कारणाने (ही सेवा दुसऱ्या सेवेच्या मोबदल्यातच आली) परत येतो. मी तसेच करत आले. गेल्या आठवड्यात मात्र क्वालिटी ऑडिटमध्ये माझ्या दहापैकी तीन चार्टमध्ये चुका निघाल्या. टीम लीड आणि ऑडिटर यांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही, म्हणून इथे विचारते आहे. रुग्णांची ओळख पटेल असा कोणताही तपशील मी दिलेला नाही. तिन्ही रुग्ण मेडिकेअरचे (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि दवाखान्यात आधीपासून येणारे आहेत, आणि सेवेचे ठिकाण ११, म्हणजे दवाखाना, आहे.

पहिला चार्ट : रुग्ण कपाळावरचे आणि हातांवरचे खरखरीत चट्टे दाखवायला आला. डॉक्टरांनी ते पाहिले, ॲक्टिनिक केराटोसिस (उन्हामुळे त्वचेवर येणारे खरखरीत चट्टे) असे निदान केले, उपचाराचे पर्याय समजावून सांगितले आणि पाच चट्टे द्रव नायट्रोजनने गोठवले. मी ९९२१३-२५ (तपासणी), १७००० (पहिला चट्टा गोठवणे) आणि १७००३ (पुढचा प्रत्येक चट्टा) चे चार युनिट असे कोड दिले. ऑडिटरने ९९२१३ काढून टाकला.

दुसरा चार्ट : रुग्ण मधुमेह आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या तपासणीसाठी आली. ए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर) वाढलेले होते, म्हणून डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा डोस वाढवला. निघताना तिने दोन्ही कान बंद वाटतात असे सांगितले. डॉक्टरांनी दोन्ही कानांत घट्ट बसलेला मळ क्युरेट या उपकरणाने काढला. मी ९९२१४-२५ (तपासणी) आणि ६९२१०-५० (कानातला मळ काढणे; ५० म्हणजे दोन्ही बाजू) दिले. ऑडिटरने ९९२१४-२५ तसाच ठेवला, मात्र ५० हा मॉडिफायर चुकीचा ठरवला.

तिसरा चार्ट : गुडघ्यात इंजेक्शन द्यायचे हे मागच्या भेटीतच ठरले होते. या वेळी डॉक्टरांनी दुखणे कसे आहे ते विचारले, उजवा गुडघा तपासला आणि केनालॉग (स्टिरॉइडचे इंजेक्शन) ४० मिलिग्रॅम दिले. मी ९९२१२-२५ (तपासणी), २०६१०-आरटी (मोठ्या सांध्यात इंजेक्शन देणे, उजवी बाजू) आणि जे३३०१ (त्या औषधाचा कोड) चे एक युनिट दिले. ऑडिटरने ९९२१२ काढला आणि जे३३०१ चे युनिट चार केले.

पहिल्या चार्टमध्ये डॉक्टरांनी निदान केले, पर्याय समजावले, म्हणजे विचार तर केलाच. मग त्या विचाराचा मोबदला का मिळू नये, हे मला अजून पटलेले नाही. कृपया समजावून सांगावे.

ऑडिटर_ऐरोली

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न हाच या सगळ्याचा गाभा आहे, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. डॉक्टरांच्या त्या विचाराचा मोबदला मिळतो, मात्र तो १७००० या कोडच्या किमतीतच धरलेला असतो. मेडिकेअरच्या हिशेबात ज्या प्रक्रियेचा ग्लोबल पीरियड (प्रक्रियेनंतरचा जो काळ तिच्याच किमतीत धरलेला असतो तो) शून्य किंवा दहा दिवसांचा आहे ती किरकोळ प्रक्रिया होय, आणि अशा प्रत्येक प्रक्रियेच्या किमतीत थोडी आधीची तपासणी, प्रत्यक्ष काम आणि थोडी नंतरची देखरेख अशा तिन्ही गोष्टी असतात. चट्टा पाहिल्याशिवाय, तो कसला आहे हे ठरवल्याशिवाय आणि रुग्णाची संमती घेतल्याशिवाय कोणी त्यावर नायट्रोजन मारत नाही. म्हणून एनसीसीआयच्या (कोणते कोड एकत्र देता येत नाहीत हे ठरवणारे मेडिकेअरचे नियम) पॉलिसी मॅन्युअलच्या पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहिले आहे की, किरकोळ प्रक्रिया करण्याचा निर्णय हा त्या प्रक्रियेच्या मोबदल्यातच येतो आणि त्यासाठी वेगळा ई अँड एम कोड देता येत नाही. रुग्ण नवा आहे एवढ्याच कारणाने यातून सूट मिळत नाही, हेही तिथेच म्हटले आहे. नव्वद दिवसांच्या ग्लोबलच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे वेगळे आहे. ती करण्याचा निर्णय ज्या भेटीत होतो त्या भेटीला मॉडिफायर ५७ लावून पैसे मिळतात. अनेक नवे कोडर ५७ चा न्याय २५ ला लावतात आणि तिथेच चुकतात.

मी स्वतः एक सोपी पद्धत वापरतो आणि माझ्या टीमलाही तीच शिकवतो. चार्ट उघडल्यावर प्रक्रियेशी संबंधित प्रत्येक वाक्य तळहाताने झाकावे. ज्या चट्ट्यावर प्रक्रिया झाली त्याचा इतिहास, त्याची तपासणी, त्याचे निदान, पर्यायांची चर्चा, संमती, प्रक्रियेचे वर्णन आणि नंतरच्या सूचना हे सगळे झाकायचे. उरलेल्या मजकुरात एखाद्या तक्रारीचा इतिहास, मूल्यमापन आणि योजना स्वतंत्रपणे उभी राहते का ते पाहावे. राहत असेल तर तेवढ्याच मजकुरावर ई अँड एमची पातळी ठरवावी आणि मग २५ लावावा. तुमच्या पहिल्या चार्टमध्ये हात ठेवल्यावर खाली फक्त रुग्णाचे वजन आणि रक्तदाब उरतो. तिसऱ्यातही तसेच आहे, उलट तिथे तर इंजेक्शन आधीच ठरलेले होते. दुसऱ्या चार्टमध्ये मात्र कानाची सगळी वाक्ये झाकली तरी दोन जुनाट आजार उरतात, त्यांतला एक आटोक्याबाहेर गेलेला आहे आणि औषधाचा डोस बदललेला आहे. २०२१ पासूनच्या नियमांनुसार तेवढ्यावर मध्यम पातळीचा निर्णय, म्हणजे ९९२१४, पूर्णपणे टिकतो.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की दोन निदाने असली तरच २५ लागतो. सीपीटीमध्ये (तपासण्या आणि प्रक्रियांच्या कोडची अमेरिकी यादी) वेगळ्या निदानाची अट नाही. समजा, पहिल्याच रुग्णाच्या चट्ट्यांपैकी दोनच गोठवले आणि बाकी पसरलेल्या भागासाठी डॉक्टरांनी लावायचे औषध लिहून दिले, ते कसे वापरायचे, त्वचेवर काय परिणाम दिसतील आणि पुन्हा केव्हा यायचे याची सविस्तर योजना केली, तर निदान एल५७.० (ॲक्टिनिक केराटोसिस) हेच असूनही तपासणीचे स्वतंत्र काम दिसते. वेगळे निदान असले की सिद्ध करणे सोपे जाते, एवढेच.

६९२१० बद्दल तुमचे ऑडिटर बरोबर आहेत, पण तुम्हीही अगदीच चूक नाही. सीपीटीमध्ये हा कोड एका कानाचा आहे आणि दोन्ही कानांसाठी ५० लावावा असेच तिथे सांगितले आहे. मेडिकेअरने मात्र आपल्या फी शेड्यूलमध्ये त्याचा बायलॅटरल इंडिकेटर २ ठेवला आहे. याचा अर्थ ठरलेली किंमत दोन्ही कान धरूनच आहे, म्हणून एकच युनिट द्यावे आणि ५० लावू नये. खासगी विमा कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, तेव्हा पेअर (पैसे देणारी विमा संस्था) पाहूनच ठरवावे. मळ घट्ट बसलेला होता आणि तो उपकरणाने काढला हे दोन्ही नोटमध्ये असणे आवश्यक आहे. नुसत्या पाण्याने धुऊन काढला असेल तर कोड ६९२०९ होतो. मळ सैल होता आणि डॉक्टरांना कानाचा पडदा पाहता यावा म्हणून तो सहज बाजूला केला, असे असेल तर यांपैकी काहीच देता येत नाही.

रात्रपाळी_एआर

वरील उत्तर पूर्ण आहे. मी गेली अकरा वर्षे डिनायलच्या (नाकारलेल्या क्लेमच्या) बाजूला काम करतो, म्हणून त्या बाजूने दिसणारे थोडे सांगतो.

२५ लावला नाही तर क्लेम ९७ ने परत येतो, हे तुमच्या प्रशिक्षकांचे वाक्य खरे आहे. मात्र २५ लावला आणि पैसे आले म्हणजे कोडिंग बरोबर होते, असा त्याचा उलटा अर्थ निघत नाही. संगणकाला फक्त मॉडिफायर दिसतो, नोट दिसत नाही. नोट माणूस वाचतो तो नंतर, रेकॉर्ड मागवल्यावर, आणि तेव्हा आलेले पैसे परत द्यावे लागतात. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलनी २००५ मध्ये याच मॉडिफायरवर अहवाल दिला होता. मेडिकेअरने २००२ मध्ये २५ लावून मंजूर केलेल्या क्लेमपैकी ३५ टक्के क्लेम नियमांत बसत नव्हते आणि त्यापोटी ५३.८ कोटी डॉलर चुकीने दिले गेले, असे त्यात नोंदवले होते. तेव्हापासून या मॉडिफायरवरची नजर हटलेली नाही. आमच्या रात्रीच्या कॉलमध्ये ‘नोट पाठवा’ ही मागणी ज्या क्लेमवर सर्वाधिक येते, ते बहुतेक २५ चेच असतात.

दुसरी गोष्ट डायग्नोसिस पॉइंटरची. सीएमएस १५०० या क्लेमच्या फॉर्मच्या २१ क्रमांकाच्या रकान्यात सगळी निदाने येतात आणि २४-ई मध्ये प्रत्येक सेवेसमोर त्यांतले कोणते निदान लागू आहे ते लिहायचे असते. तुमच्या दुसऱ्या चार्टमध्ये ९९२१४ समोर मधुमेह आणि रक्तदाबाचीच निदाने असावीत आणि ६९२१० समोर फक्त एच६१.२३ (दोन्ही कानांतला घट्ट मळ). मी असे कितीतरी क्लेम पाहतो जिथे कोडरने २५ अगदी योग्य लावलेला असतो, पण दोन्ही ओळींसमोर सगळीच निदाने टाकलेली असतात. मग पेअरच्या माणसाला ही दोन वेगळी कामे आहेत हे फॉर्मवर दिसणार कसे?

त्याच चार्टमध्ये आणखी एक जपायचे. ए१सीचा आकडा पाहून कोडरने स्वतः ई११.६५ (साखर वाढलेला टाइप २ मधुमेह) देऊ नये. डॉक्टरांनी हायपरग्लायसेमिया असे लिहिलेले हवे किंवा ‘पुअरली कंट्रोल्ड’ असा शब्द हवा. नुसते ‘अनकंट्रोल्ड’ लिहिले असेल तर साखर वाढली की कमी झाली हे डॉक्टरांना विचारावे लागते. मेटफॉर्मिन चालू असल्यामुळे झेड७९.८४ (मधुमेहाची गोळी नियमित चालू) विसरू नये.

जे३३०१ चे एक युनिट म्हणजे दहा मिलिग्रॅम, म्हणून चाळीसचे चार युनिट. ही चूक दवाखान्याला थेट तोट्याची आहे, कारण औषध त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलेले असते. शिवाय कुपी एकदाच वापरायची, एक मिलिलिटरची असेल आणि काही वाया गेले नसेल, तर मेडिकेअरसाठी १ जुलै २०२३ पासून जेझेड हा मॉडिफायर लावणे बंधनकारक आहे. अनेकदा वापरायच्या मोठ्या कुपीतून दिले असेल तर तो लागत नाही. नोटमध्ये कुपीचा आकार लिहिलेला नसेल तर अंदाज करू नका, विचारा.

क्लिनिक_बिलिंग_न्यूजर्सी

मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षे न्यू जर्सीत एका लहान दवाखान्याच्या बिलिंग डेस्कवर आहे, म्हणजे तुम्ही कोड केलेल्या क्लेमचे बिल ज्या रुग्णाच्या घरी जाते त्याचा फोन मी घेते. ती बाजूही तुमच्यापर्यंत पोहोचावी म्हणून लिहिते आहे.

मेडिकेअरच्या पार्ट बी मध्ये (डॉक्टरांच्या सेवांचा भाग) वार्षिक डिडक्टिबल (रुग्णाने आधी स्वतः भरायची रक्कम) संपल्यावर मंजूर रकमेच्या २० टक्के रुग्णाने द्यायचे असतात. ज्यांच्याकडे पूरक विमा नाही त्यांना हे खिशातून भरावे लागतात. त्यामुळे नको तिथे ९९२१३ लावला की त्याचा पाचवा हिस्सा त्या माणसाच्या पेन्शनमधून जातो. गेल्या हिवाळ्यात एका वयस्कर बाईंनी फोन करून मला शांतपणे विचारले होते, ‘डॉक्टरांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि तो डाग गोठवला, तर पाहण्याचे वेगळे आणि गोठवण्याचे वेगळे पैसे कसे?’ मी नोट उघडली. त्यात तपासणीचे स्वतंत्र काहीच नव्हते. आम्ही क्लेम दुरुस्त करून पाठवला, पण त्या प्रश्नाला मी फोनवर काही उत्तर देऊ शकले नाही, हे अजून मनात आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डॉक्टर पुष्कळदा दोन्ही कामे मनापासून करतात आणि लिहिताना सगळे एका परिच्छेदात मिसळून टाकतात. मग पुण्यात किंवा ऐरोलीत बसलेल्या कोडरला वेगळे काम दिसत नाही, आणि हक्काचे पैसे बुडतात. आमच्या डॉक्टरांना मी एवढीच विनंती केली की प्रक्रियेची नोंद वेगळ्या शीर्षकाखाली लिहावी : कोणती जागा, किती चट्टे, कोणती पद्धत, संमती, भूल दिली असल्यास कोणती, रुग्णाला कसे सोसले. आणि ई अँड एम वेळेवर ठरवणार असाल तर प्रक्रियेत गेलेली मिनिटे वजा करून तसे स्पष्ट लिहावे, कारण वेगळ्या कोडने मागितलेल्या प्रक्रियेचा वेळ तपासणीच्या वेळेत धरता येत नाही. चार महिन्यांत नोटा इतक्या स्वच्छ झाल्या की आमच्याकडे २५ चे अपील जवळजवळ उरलेच नाही.

तुमच्या कंपनीत डॉक्टरांना क्वेरी पाठवायची सोय असेलच. ती पाठवताना उत्तर सुचवू नका. ‘आपण वेगळी तपासणी केली होती ना?’ असे विचारणे चुकीचे आहे. ‘या भेटीत प्रक्रियेव्यतिरिक्त इतर कोणत्या तक्रारीचे मूल्यमापन झाले असल्यास कृपया नोंदवावे’ असे विचारावे.

शिकाऊ_कोडर, हडपसर

तिघांचेही मनापासून आभार. तळहाताची पद्धत मी आज बावीस चार्टवर करून पाहिली. त्यांपैकी सहा चार्टमध्ये पूर्वी मी डोळे झाकून २५ लावला असता, आज नाही लावला. पहिल्या आणि तिसऱ्या चार्टवर मी आक्षेप घेणार नाही. टीम लीडना मी वरचे मुद्दे मॅन्युअलच्या प्रकरणासह दाखवले. सरसकट २५ लावण्याची सूचना मागे घ्यावी की नाही हे क्लायंटला विचारून ठरवू, असे त्या म्हणाल्या.

अजून दोन शंका आहेत. आजच्या एका चार्टमध्ये डॉक्टरांनी पाठीवरच्या एका डागाची पंच बायोप्सी केली (गोल पात्याने तपासणीसाठी तुकडा काढला), खांद्यावरच्या दुसऱ्या डागाची शेव्ह बायोप्सी केली (वरचा पातळ थर काढला) आणि कपाळावरचे दोन ॲक्टिनिक केराटोसिस गोठवले. मी १११०४, १११०२, १७०००, १७००३ असे लिहून थांबले आहे. निदानासाठी डी४८.५ (त्वचेची ‘अनसर्टन’, म्हणजे अनिश्चित वागणुकीची गाठ) घेतला आहे, कारण डाग कसला ते अजून कळलेले नाही. दुसरे म्हणजे, पहिल्या चार्टमधला रुग्ण सहाव्या दिवशी खोकला आणि तापासाठी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे आला आहे. ही भेट ग्लोबल पीरियडमध्ये येते का?

ऑडिटर_ऐरोली

थांबलात हे बरे केले. २०१९ मध्ये बायोप्सीचे जुने दोन कोड, म्हणजे १११०० आणि १११०१, रद्द होऊन पद्धतीनुसार सहा नवे कोड आले. त्यांचा नियम असा की, एका भेटीत मुख्य कोड एकच द्यायचा आणि तो सर्वांत वरच्या पद्धतीचा घ्यायचा. इन्सिजनल (चीर देऊन केलेली) सर्वांत वर, त्याखाली पंच आणि त्याखाली शेव्ह, जिला सीपीटी टँजेन्शियल म्हणते. तुमच्याकडे पंच वरची आहे म्हणून मुख्य कोड १११०४ हाच, आणि शेव्हसाठी १११०२ हा दुसरा मुख्य कोड न घेता १११०३ हा जोडकोड द्यायचा. पाठ आणि खांदा या दोन वेगळ्या जागा असल्या तरी दोन मुख्य कोड होत नाहीत.

अंतिम कोड असे धरावेत : १११०४ एक युनिट आणि १११०३ एक युनिट.

गोठवलेले चट्टे तिसऱ्याच जागी आहेत, म्हणून बायोप्सी आणि १७००० यांच्यातली एनसीसीआयची अडवणूक मॉडिफायर लावून दूर करता येते. मॉडिफायर ५९ (वेगळी प्रक्रिया) चालतो, पण वेगळी जागा हे कारण असल्यामुळे मेडिकेअरसाठी एक्सएस अधिक नेमका आहे. तो एनसीसीआयच्या कोडजोड्यांच्या यादीतल्या पहिल्या स्तंभातल्या कोडला लावायचा की दुसऱ्या, यावरून पूर्वी फार वाद व्हायचे. १ जुलै २०१९ पासून मेडिकेअर दोन्हींपैकी कोणत्याही कोडला लावलेला स्वीकारते. एकाच डागाची बायोप्सी करून तोच डाग गोठवला असता, तर मात्र हा मॉडिफायर लावणे खोटे ठरले असते.

डी४८.५ काढून टाका. त्यातले ‘अनसर्टन’ हे पॅथॉलॉजिस्टचे मत आहे. पेशी पाहूनही पुढे त्या कशा वागतील हे सांगता येत नाही, असे त्यांनी लिहिल्यावरच तो कोड येतो. आपल्याला अजून माहीत नाही, याला डी४९.२ आहे, तोही डॉक्टरांनी निओप्लाझम म्हटले असेल तरच. नुसता डाग किंवा लेशन लिहिले असेल तर एल९८.९.

सहाव्या दिवसाच्या भेटीबद्दल : १७००० चा ग्लोबल दहा दिवसांचा आहे. मेडिकेअर त्यात प्रक्रियेचा दिवस आणि पुढचे दहा दिवस असे एकूण अकरा दिवस मोजते, म्हणजे ही भेट त्यात येते. खोकल्याचा गोठवलेल्या चट्ट्यांशी संबंध नसल्यामुळे ई अँड एम कोडला मॉडिफायर २४ लावा, निदान खोकल्याचे आणि तापाचेच ठेवा, आणि एल५७.० त्या क्लेमवर आणू नका. त्याच भेटीत डॉक्टरांनी कपाळावरचे फोड फक्त पाहिले असतील, तर ते आधीच्या पैशांत आले.